काठीवरची ओल

आमची बोट घेतली तेव्हा तिच्याबरोबर दोन गोष्टी न मागता मिळाल्या. एक गंजलेला सुटा नांगर आणि दुसरी डिझेल मोजायची काठी. नांगर पहिल्याच महिन्यात काढून टाकला. काठी मात्र ठेवली, कारण ती दिसायला फार देखणी होती. स्टेनलेस स्टीलची गोल सळई, करंगळीहून बारीक, वरच्या टोकाला वळवून केलेली कडी, आणि अंगावर पाव, अर्धी, पाऊण अशा तीन नाजूक रेघा. आधीच्या मालकाने ती इतक्या हौसेने पॉलिश केली होती की तिच्यात स्वतःचं नाक लांबलेलं दिसायचं. डिझेल तेवढं दिसायचं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि ताई. बोट दोघांची, भांडणंही दोघांची. डिझेल कोणी बघायचं यावरून मात्र कधी भांडण झालं नाही, कारण ते काम दोघांनाही नको असायचं. खरं तर किती सोपं! टाकीचं झाकण फिरवून उघडायचं, काठी सोडायची, बुडाला टेकली की वर काढायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. पण ओल दिसली तर ना. स्वच्छ डिझेल जवळजवळ पाण्यासारखं असतं, अंगात किंचित पिवळी झाक. काही देशांत करसवलतीच्या डिझेलमध्ये मुद्दाम लाल रंग घालतात, तिथल्या बोटवाल्यांचा मला त्या काळात मनापासून हेवा वाटायचा. आमच्या चकचकीत सळईवर त्याचा पातळ थर पसरायचा. थेंब धरायचा नाही, कड दाखवायचा नाही. ओला भाग चमकायचा आणि कोरडा भागही तसाच चमकायचा. काठी तिरपी धरून, टॉर्च फिरवून, एक डोळा मिटून बघायचो. डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि काठीवरचं तेल काही सापडायचं नाही, अशी गत. शेवटी ताई काठीवरून हाताचं बोट फिरवायची. बोटाला ओल लागली की "ही बघ, इथे आहे" म्हणायची, आणि तेवढ्यात ती रेघ तिच्याच बोटाने पुसलेली असायची.

बोटीला काट्याचं मीटर नव्हतं का? होतं, आजही आहे. टाकीत तरंगणारा फ्लोट, त्याचा दांडा, दांड्याच्या मुळाशी घासत फिरणारा संपर्क, त्यावरून बदलणारा विद्युत रोध आणि शेवटी डॅशबोर्डवरचा काटा, एवढा प्रवास करून बातमी आपल्यापर्यंत येते. लाटांवर काटा घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो. शिवाय या मीटरांच्या दोन जाती आहेत. एका जातीत रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३, दुसरीत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. एका जातीचा फ्लोट आणि दुसऱ्या जातीचं मीटर कोणी जोडलं, तर जसजसं डिझेल संपत जाईल तसतसा काटा वर चढतो. आमच्या बोटीत ती जोडणी बरोबर होती, पण संपर्क झिजलेला होता. काटा अर्ध्यावर आला की तिथेच मुक्काम ठोकायचा. टाकीच्या बाजूला पारदर्शक नळी बसवतात, ती सोय मला आवडते, पण ती नळी तडकली तर टाकीतलं सगळं बोटीच्या तळात येतं. म्हणून शेवटी भिस्त काठीवरच.

आणि एका सकाळी काठीनेही दगा दिला. दगा म्हणणं अन्यायाचं आहे, पण तेव्हा तसंच म्हणालो होतो. निघायच्या आधी काठी मी घातली. नीट दिसलं नाही म्हणून फडक्याने पुसली आणि पुन्हा घातली. पहिल्या खेपेला काठी वर येताना भरायच्या नळीच्या आतल्या भिंतीला घासली होती आणि ती भिंत ओली झाली होती. दुसऱ्या खेपेला त्याच ओल्या भिंतीने काठी वरपर्यंत माखली. मला ओल पाव आणि अर्धी यांच्या मध्ये दिसली. टाकी १२० लिटरची, म्हणजे चाळीसेक लिटर असणार. इंजिन तासाला तीन लिटर पितं, म्हणजे तेरा तास. आम्हाला सहा तासांचंच काम होतं. ताईने विचारलं, "किती?" मी म्हणालो, "भरपूर."

भरपूर डिझेल अडीच तास पुरलं. आधी इंजिनचा सूर किंचित चढला, मग दोनदा अडखळला, मग नुसतं पाणी बोटीला लागल्याचा आवाज. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सुदैवाने आसपास खडक नव्हते, वाराही पडलेला होता आणि वीस लिटरचा राखीव कॅन होता. पण डिझेल इंजिनला नुसतं डिझेल ओतून भागत नाही. रिकाम्या नळ्यांतून इंजिनने एअर घेतलेली असते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंपाची चिमुकली दांडी शे-दोनशे वेळा हलवायची, फेस येतो तो येऊ द्यायचा, बुडबुडे थांबून अखंड धार लागली की स्क्रू आवळायचा. मग पुढचा स्क्रू. तास गेला. ताई दांडी हलवत होती आणि मी पाना धरून बसलो होतो. ती एवढंच म्हणाली, "काठी खोटं बोलली, का तू तिला नीट विचारलं नाहीस?"

आमच्या शेजारी ज्यांची बोट असते ते काका जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते. त्यांना ही कहाणी सांगताना मी काठी पुढे केली. त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "अरे, आरसा कशाला घालतोस टाकीत? डिझेलला तोंड बघायचंय का आपलं?" खिशातून पॉलिश पेपरचा चुरगळलेला तुकडा काढला, पाण्यात बुडवला आणि काठीच्या खालच्या वीतभर भागावर आडवा आडवा फिरवायला लागले. उभा नाही, आडवा. सळई चिमटीत धरून जानवं वळावं तशी गोल फिरवत. पाच मिनिटांत आरसा गेला आणि राखाडी, धुरकट पृष्ठभाग उरला. "घाल आता." घातली, काढली. राखाडीवर गडद राखाडी, मध्ये सरळ कापलेली रेघ. हातभर अंतरावरून दिसत होती. दोन वर्षं डोळे मिचकावून जे दिसलं नव्हतं ते एका कागदाच्या तुकड्याने दाखवलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिड, इतकं सोपं होतं म्हणून.

घरी येऊन विचार करत बसलो की असं का. उत्तर ओल्या वाळूत आहे. कोरडी वाळू फिकट दिसते, कारण कणाकणांवरून, मधल्या हवेतून उजेड इकडेतिकडे उधळतो आणि त्यातला बराचसा परत डोळ्यांकडे येतो. पाणी शिरलं की कणांमधली हवा जाते, उजेडाची उधळण कमी होते, तो आत खोलवर जाऊन शोषला जातो आणि वाळू काळपट दिसते. ओल्या कापडाचं तेच, खरवडलेल्या धातूचंही तेच. पृष्ठभागावर खाचाखोचा हव्यात, म्हणजे त्या बुजल्याचं कळतं. आरशावर बुजायला काही नसतंच. मोटारीच्या इंजिन ऑइलची काठी पाहिली आहे ना? खालच्या दोन खुणांच्या मध्ये तिरप्या रेघांची जाळी कोरलेली असते. मी ती इतकी वर्षं नक्षी समजत होतो.

आणि आडव्या ओरखड्यांचं कारण असं, की उभे ओरखडे म्हणजे डिझेलला वर चढायला जिने. डिझेल फार चढाऊ. पाण्यासारखं ते स्वतःला आवरून धरत नाही, त्याचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी. बारीक चीर मिळाली की सरपटत वर जातं. आडव्या चिरेत अडकून राहतं.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण एकदा चूक झालेला माणूस गरजेपेक्षा जास्त शिकतो, तसे पुढचे दोन महिने मी काठ्यांच्या नादाला लागलो. ताई याला काठ्यांचा मोसम म्हणते.

पहिली लाकडी. कच्च्या, पॉलिश न केलेल्या फिकट लाकडाचा गोल दांडा. पहिली ओल इतकी सुंदर दिसली की वाटलं, संपलं, याहून चांगलं काही असूच शकत नाही. मी कौतुकाने बघत बसलो तेवढ्यात रेघ माझ्यासमोर दोन-तीन मिलिमीटर वर सरकली. लाकडाचे धागे उभे, आणि प्रत्येक धागा ही एक वात. म्हणजे लाकडी काठी काढल्या काढल्या वाचायची, गप्पा मारत नाही. दुसरी अडचण मोठी. डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. संध्याकाळी पुन्हा मोजायला गेलो तर काठी सकाळचीच ओल घेऊन बसलेली. आठवड्यात तिचा खालचा अर्धा भाग कायमचा तपकिरी झाला आणि मग ती आमच्या जुन्या आरशाएवढीच मुकी.

मग खडू. जहाजांवर पाण्याच्या टाक्या मोजताना सळईला खडू फासतात, पाणी लागतं तिथवर तो काळवंडतो. डिझेललाही चालतो, रेघ छान येते. पण खडूची भुकटी जाते कुठे? टाकीत. आणि टाकीतली प्रत्येक गोष्ट एक ना एक दिवस फिल्टरला भेटते. इंधन लागलं की रंग बदलणारी पेस्टही मिळते, बोटभर चोळायची, ओळ अगदी छापल्यासारखी उमटते. काम चोख, पण दर वेळी ट्यूब शोधा, चोळा, पुसा. झोपेतून उठून करायच्या कामाला एवढे सोपस्कार नकोत.

काळ्या खरखरीत पट्टीचाही प्रयोग केला. तिथे न्याय उलटा. काळ्यावर ओल गडद दिसत नाही, चमकते. कोरडा भाग पाटीसारखा मलूल, ओला भाग तुकतुकीत. टॉर्च बाजूने मारला तर फरक फार स्पष्ट, समोरून मारला तर काहीच नाही. ताईला ही पट्टी आवडली होती. मला टॉर्चचा कोन शोधत बसायचा कंटाळा, म्हणून ती बाद झाली. बाद करण्याचं हे कारण न्याय्य नव्हतं हे मला मान्य आहे.

पितळेची करू का, म्हणून काकांना विचारलं. ते म्हणाले, कर, पण टाकीत ठेवून देऊ नकोस. तांबं आणि जस्त डिझेलला लवकर खराब करतं, आणि पितळ म्हणजे ही दोघं मिळूनच. क्षणभर बुडवून काढलं तर काही बिघडत नाही, कायम आत लटकवून ठेवायची काठी मात्र पितळेची नको. मग ॲल्युमिनियमची पट्टी घ्यायचं ठरलं. चपटी, तीन मिलिमीटर जाडीची. गोल सळईपेक्षा चपटी बरी, वाचायला मैदान मिळतं आणि धारेवर खाचा पाडता येतात.

या पट्टीत मी छिद्रंही पाडली, दोन मिलिमीटरची, एकाखाली एक. ही युक्ती मला स्वतःला सुचली असं मी काही दिवस समजत होतो. नंतर कळलं की मोटारींच्या कितीतरी ऑइल काठ्यांना अशीच छिद्रं असतात. पट्टी डिझेलमधून वर आली की बुडालेल्या प्रत्येक छिद्रात डिझेलचा बारीक पडदा अडकून राहतो. पट्टी आकाशाकडे धरली की वरची छिद्रं मोकळी, त्यांतून उजेड आरपार. खालची भरलेली, भिंगासारखी लुकलुकणारी. मधली सीमा शोधायची नाही, नुसती भरलेली मोजायची. नळीच्या भिंतीला घासून पट्टी माखली तरी छिद्रं सहसा फसत नाहीत, कारण भिंतीवरचा थर छिद्र भरण्याएवढा जाड नसतो. माझी मूळ चूक या छिद्रांनी पकडली असती. छिद्र मोठं केलं, चार-पाच मिलिमीटरचं, तर मात्र पडदा फाटतो आणि सगळंच रिकामं दिसतं. पहिली पट्टी मी अशीच वाया घालवली.

आता खुणा. पहिल्या पट्टीवर मार्करने आकडे लिहिले होते, न पुसणाऱ्या शाईच्या मार्करने. डब्यावर तसं छापलं होतं. तीन बुचकळ्यांत आकडे टाकीत गेले. ती शाई पाण्याला दाद देत नसेल, डिझेलपुढे तिचं काही चाललं नाही. तेव्हा कानसच. पण कानशीने खाच पाडायची तर ती कुठे, हे आधी नक्की हवं, आणि तिथे आधीच्या मालकाच्या त्या तीन नाजूक रेघांचा घोळ बाहेर आला. त्याने काठीची लांबी मोजून तिचे चार सारखे भाग केले होते. टाकी काही सारखी नव्हती.

बोटीची टाकी बोटीच्या पोटात बसते आणि बोटीचं पोट खाली निमुळतं होत जातं. आमची टाकी खालची वीस सेंटिमीटर पाचरीसारखी आहे, वरची वीस सरळ भिंतींची. आम्ही ती रिकामी केली, साफ केली, आणि दहा-दहा लिटर मोजून ओतायला लागलो. प्रत्येक ओतणीनंतर फेस बसेपर्यंत थांबायचं, पट्टी घालायची, ओल सुईने कोरायची. पहिले दहा लिटर चक्क दहा सेंटिमीटर चढले. दुसऱ्या दहा लिटरनी जेमतेम चार सेंटिमीटर. मग तीनच्या आसपास, मग पावणेतीन, आणि चाळीस लिटरनंतर प्रत्येक वेळी अडीच. ताई आकडे वहीत लिहीत होती. दहा सेंटिमीटरचा आकडा लिहून ती थांबली आणि जुन्या काठीवरच्या पाव रेघेवर बोट ठेवलं. पाव टाकी म्हणजे तीस लिटर, असं आम्ही दोन वर्षं मानत आलो होतो. त्या रेघेला टाकीत दहा लिटर असतात. त्यातही इंजिनकडे जाणारी नळी बुडापासून पाच सेंटिमीटर वर आहे, गाळ आणि पाणी ओढलं जाऊ नये म्हणून. म्हणजे अडीच लिटर तळाशी पडून राहणार. उरले साडेसात. तासाला तीनप्रमाणे अडीच तास. त्या सकाळचा हिशोब मिनिटाला मिनिट जुळला. डोळ्याची चूक आणि रेघेची चूक एकमेकींच्या खांद्यावर उभ्या होत्या.

भांड्याच्या आकाराने फसवलेले आम्ही पहिले नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. ग्रहांच्या कक्षा मांडणारा योहानेस केपलर, त्याने १६१३ साली दुसरं लग्न केलं तेव्हा वाइनची पिंपं घेतली. व्यापाऱ्याने पिंपाच्या पोटावरच्या भोकातून एक काठी तिरपी आत घातली, समोरच्या तळाच्या कडेला टेकवली, आणि किती लांबी आत गेली ते पाहून किंमत सांगून टाकली. केपलरला ते पटेना. उंच आणि सडपातळ पिंपातही काठी तेवढीच जाईल की, वाइन मात्र कमी असेल. लग्नघरात नवऱ्या मुलाला हा प्रश्न पडावा! दोन वर्षांनी, १६१५ मध्ये, त्याने पिंपांच्या घनफळावर अख्खं पुस्तक छापलं. गंमत अशी की त्याच्या भागातली पिंपं अशा प्रमाणात बांधलेली होती की काठी फारशी चुकत नव्हती. व्यापारी बरोबर निघाला. आमचा आधीचा मालक काही निघाला नाही.

काठी कुठे घालायची हा आणखी एक घोळ. आमच्या टाकीचं तोंड मध्यावर नाही, मागच्या टोकाला आहे. टाकी ऐंशी सेंटिमीटर लांब. बोट मागच्या बाजूला दोन अंशांनी जरी दबली तरी मागच्या टोकाला डिझेलची पातळी मध्यापेक्षा दीड सेंटिमीटरच्या आसपास वर जाते, आणि वरच्या भागात तेवढ्याने साडेपाच लिटरचा फरक पडतो. दोन माणसं मागे गप्पा मारत बसली की आमच्याकडे डिझेल वाढतं. पुढे नांगराशी गेली की कमी होतं. म्हणून आता नियम आहे, मोजताना सगळ्यांनी आपापल्या जागी थांबायचं, आणि ती जागा दर वेळी तीच. पाहुण्यांना हे विक्षिप्तपणाचं वाटतं. वाटू दे. मोठ्या जहाजांवर तर यासाठी तक्तेच असतात, जहाज पुढेमागे किती कललंय त्याप्रमाणे मोजलेली खोली दुरुस्त करून घ्यायची.

पट्टीच्या वरच्या टोकाला मी आडवी पिन ठोकली. ती तोंडाच्या कडेवर टेकते आणि पट्टी बुडापासून सेंटिमीटरभर वर लटकते. आधी काठी बुडाला टेकवायचो, पण पाचरीच्या उतारावर ती कधी मधल्या खोबणीत बसायची, कधी बाजूला घसरून तिथेच टेकायची. जहाजांच्या टाक्यांत मोजायच्या नळीखाली बुडावर वेगळा जाड पत्रा जडवलेला असतो, कारण वर्षानुवर्षं एकाच जागी ओळंबा आपटून बुडाला भोक पडू शकतं. आमची टाकी पातळ पत्र्याची. पिनेमुळे ती भीतीही गेली, आणि पट्टी हातातून सुटून आत पडायचीही. (पेट्रोलची टाकी असलेल्यांनी माझं सगळं ऐकू नये. तिथे ओल वाचायच्या आत उडून जाते, आणि तिची वाफ हवेपेक्षा जड, बोटीच्या तळात साचून ठिणगीची वाट बघत बसते.)

खाचा मात्र डोळ्यांसाठी नाहीत, अंगठ्यासाठी आहेत. ही कल्पना मी उचलली ती खोली मोजायच्या दोरीवरून. शिडाच्या जहाजांवर शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली बघत, आणि दोरीवर दर काही वावांवर खुणा. इंग्रजांचा फॅदम म्हणजे आपला वावच की, दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, एक मीटर ८३ सेंटिमीटर. दोन वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनवर तीन, पाचवर पांढरं सुती कापड, सातवर लाल, दहावर भोक पाडलेलं चामडं. कापडं वेगवेगळ्या विणीची, का, तर रात्री रंग दिसत नाही, पण पोत बोटांना कळतो. शिशाच्या बुडाला खळगा असायचा, त्यात चरबी भरायची, म्हणजे तळाची वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर यायचा आणि खाली काय आहे तेही समजायचं. इतकं विचारपूर्वक केलेलं साधन मी फार कमी पाहिलं आहे. दिवसा, कोरड्या हातांनी, फुरसतीत वाचायचं असं त्यात काहीच गृहीत धरलेलं नाही.

म्हणून पट्टीच्या डाव्या धारेवर दर दहा लिटरला एक खाच, आणि पन्नास आणि शंभरला उजव्या धारेवरही. अंधारात अंगठा खालून वर सरकवायचा, छिद्रांवर टॉर्चचा एक झोत, शेवटचं भरलेलं छिद्र सापडलं की तिथे नख ठेवायचं आणि खाचा मोजायच्या. आकडा नाहीच कुठे. आकडे वहीत असतात, आणि घोळ तिथेही होऊ शकतो. १९८३ साली एअर कॅनडाचं एक विमान ४१ हजार फुटांवर इंधन संपून नुसतं तरंगत खाली आलं. मीटर बंद होतं म्हणून पंखांखालच्या मोजपट्ट्यांनी इंधन मोजलं होतं, आणि मोजलं होतं बरोबर. ७,६८२ लिटर. पुढे लिटरचे किलो करताना ०.८ ऐवजी १.७७ ने गुणलं गेलं. तो आकडा लिटरचे पौंड करण्याचा होता. गिम्ली इथल्या जुन्या विमानतळावर, जिथे तेव्हा मोटारींच्या शर्यती चालायच्या, वैमानिकांनी ते उतरवलं आणि आतले सगळे ६९ जण वाचले. ही हकिकत सांगितल्यावर ताईने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'लिटर' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

महिन्यातून एकदा जुनी स्टेनलेसची सळई बाहेर निघते. तिला आता बुडापर्यंत जायची कामगिरी आहे. टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट चोळायची, मिनिटभर बुडाला टेकवून ठेवायची. डिझेलने तिला काही होत नाही, पाणी लागलं तेवढ्याच भागाचा रंग बदलतो. पाणी डिझेलपेक्षा जड, तळाशी बसतं, आणि दोघांच्या सीमेवर बुरशी धरते, काळ्या शेंबडासारखी, फिल्टर तुंबवणारी. गेल्या वेळी टोक अर्धा सेंटिमीटर रंगलं होतं. काढून टाकलं.

तर पट्टी तयार झाली, आणि ती अगदी निर्दोष झाली असं लिहायला मला आवडलं असतं. तीस आणि चाळीसच्या खाचांमध्ये एक खाच जास्तीची आहे. कानस चालवताना ताईने हाक मारली, मी वहीतली चुकीची ओळ वाचली आणि खाच पाडून मोकळा झालो. ॲल्युमिनियममध्ये खाच पाडता येते, भरता येत नाही. आम्हा दोघांचे अंगठे तिच्यावरून आपोआप पुढे सरकतात. पण मागच्या महिन्यात काकांनी आमच्यासाठी डिझेल मोजून ठेवलं, प्रामाणिकपणे सगळ्या खाचा मोजल्या, आणि आमच्या टाकीत दहा लिटर जास्त झाले. त्यानंतर मी झाकणाच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहून ठेवलं, 'चौथी खाच धरू नये'.

काल ताईने झाकण उघडलं आणि मला हाक मारली. "कशाने लिहिलं होतंस रे?"

मार्करने.

ती काही बोलली नाही. खोक्यातून सुई काढली, झाकण मांडीवर घेतलं आणि पहिलं अक्षर कोरायला लागली.